कोकणात जुने लेदरचे बूट नीट करताय? मग या चुका टाळा

जुने फॉर्मल बूट पुन्हा घालण्याजोगे कसे करायचे, यावरचे बरेचसे व्हिडिओ परदेशातले असतात. तिकडे हिवाळाभर घरात हिटर चालू, चामडं कोरडं पडून कडक होतं, त्यामुळे सगळ्यांचं पालुपद एकच: कंडिशनर, म्हणजे चामडं मऊ ठेवणारं क्रीम, लावा, मुरू द्या, परत लावा. हाच सल्ला जसाच्या तसा उचलून रत्नागिरीत किंवा वेंगुर्ल्यात वापरला, की श्रावणापर्यंत बुटावर हिरवट लव उगवलेली दिसते. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हवा महिनोन्‌महिने दमट असते आणि वर समुद्राचा खारा वारा. इथल्या बुटाला आधी वाळवायचं असतं, खायला घालायचं ते नंतर. खाली ज्या चुका सांगितल्या आहेत त्यांतल्या निम्म्याहून जास्त या एकाच गोष्टीचा विसर पडल्यामुळे होतात.

चामडं आहे की नाही हे न बघता सुरुवात करणं

बोटीवर नोकरी केलेल्या आजोबांच्या ट्रंकेतला जोड असो, नाहीतर कोणा चाकरमान्याने गणपतीला येताना चोर बाजारातून आणलेला असो, आधी लेस सोडा आणि बुटाची जीभ बाहेर ओढा. तिची कापलेली कड नीट पाहा. चामड्याच्या कडेला तंतू दिसतात, केसाळ, एकमेकांत गुंतलेले. रेक्झिन असेल तर खाली कापड आणि वर प्लॅस्टिकचा पापुद्रा, असे दोन थर वेगळे दिसतील. तो पापुद्रा सुटायला लागला असेल तर तो बूट सोडून द्या. त्यावर कुठलंच क्रीम चालत नाही.

चामडंच असेल तर जिभेच्या लपलेल्या भागावर पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब हळूहळू मुरून डाग गडद झाला, तर वरचा थर मोकळा आहे, क्रीम आत जाईल. थेंब तसाच गोल बसून राहिला, तर वर एकतर जुन्या मेणाचा थर आहे किंवा कारखान्यातच दिलेला प्लॅस्टिकसारखा लेप. लेप असेल तर कितीही क्रीम चोपडा, ते वरच राहणार.

मग बूट उलटा करा. सोल वरच्या भागाला शिवलेला आहे का? कडेने फिरणारी चामड्याची पट्टी, म्हणजे वेल्ट, आणि तिच्यावर टाके दिसले तर जोड मेहनतीच्या लायकीचा आहे. १८७० च्या दशकापासून चालत आलेली ही गुडइयर वेल्ट पद्धत आहेच मुळी अशी, की जुना सोल काढून नवा बसवता यावा. टाके नसतील आणि सोल पॉलियुरेथेनचा, म्हणजे फोमसारख्या हलक्या प्लॅस्टिकचा असेल, तर अंगठ्याच्या नखाने दाबून बघा. या सोलचे रासायनिक बंध हवेतल्या ओलाव्याने तुटत जातात. बूट एकदाही न घालता कपाटात ठेवला तरी तुटतात. वर चकचकीत आणि खाली नखाने भुगा पडतोय, असे जोड आपल्या हवेत पुष्कळ सापडतात. वरच्या भागावर चार संध्याकाळी घालवायच्या आधी हे तपासलेलं बरं.

पांढरं दिसलं की बुरशी समजणं

जुन्या बुटावर पांढरं येतं ते तीन प्रकारचं. तिघांवर एकच उपाय केला की फसगत ठरलेली.

बुरशी मऊ असते, कापसासारखी, गोल गोल ठिपक्यांनी पसरते आणि तिला कुबट वास असतो. जिभेच्या आत आणि टाक्यांच्या ओळीत ती जास्त.

दुसरी चरबी. चामड्यात आधी मुरवलेली तेलं आणि चरबी थंडीत वर येऊन पातळ पांढुरका थर धरतात. हेअर ड्रायरची कोमट हवा हातभर अंतरावरून दाखवा. चरबी असेल तर विरघळून नाहीशी होईल, मग मऊ फडक्याने पुसून घ्या. बुरशी अशी जात नाही.

तिसरं मीठ, आणि आपल्याकडे खरं दुखणं हेच. एखादा किनाऱ्यावर वापरलेला तपकिरी जोड खिडकीशी धरून बघा. वेल्टपासून बोटभर वर एक नागमोडी रेघ दिसेल, कडेला कडक, हात फिरवला की खरखरीत. ओलं बोट लावलं की रेघ गायब, वाळली की परत हजर. हे मीठ नुसतं दिसायला वाईट असतं तर दुर्लक्ष केलं असतं. पण हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून विरघळतं. जुलैत बरणीतलं मीठ पाझरतं, तेच बुटाच्या आत चालू असतं. त्यामुळे मीठ न काढता बूट कितीही वाळवला तरी पावसाळ्यात तो ओलाच राहणार, आणि ओल्यावर बुरशी येणारच.

मीठ काढताना दोन चुका होतात. एक म्हणजे विहिरीचं पाणी. किनाऱ्यालगतच्या कितीतरी विहिरी मचूळ असतात, म्हणजे मीठ काढायला मीठच लावल्यासारखं. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर गॅरेजवाल्याकडे मिळतं, ते आणा. त्यात तेवढाच पांढरा व्हिनेगर मिसळा, सुती फडकं बुडवून घट्ट पिळा आणि पुसा. दुसरी चूक, फक्त रेघेवर घासणं. त्याने रेघ जाते आणि तिच्या बाजूला नवी उठते. पूर्ण बूट एकसारखा ओलसर करा, टोकापासून टाचेपर्यंत, मग सावलीत ठेवा. वाळल्यावर रेघ परत दिसली तर पुन्हा तेच. जुन्या जोडाला तीन-चार वेळा करावं लागतं, त्यात वावगं काही नाही.

बुरशी घरात झटकणं

ही अंगणात किंवा पडवीच्या बाहेर झटका, तोंडाला मास्क लावून. घरात झटकलेले बीजाणू कपाटातल्या बाकीच्या चपला-बुटांवर जाऊन बसतात. झटकलेला ब्रश पॉलिशला वापरू नका. नंतर व्हिनेगर-पाण्याचं तेच मिश्रण आतून-बाहेरून फिरवा. आतला तळवा सुटा असेल तर काढून टाका, नवा साठ-सत्तर रुपयांना मिळतो आणि जुन्यातला वास सहसा जात नाही. अत्तर, टाल्कम पावडर वगैरे उपायांनी वास फक्त मिसळतो.

बुरशी नुसती कोरड्या फडक्याने पुसून वर पॉलिश मारणारे बरेच असतात. आठवडाभर बूट छान दिसतो.

खोबरेल

घरात बाटली हाताशी असते आणि लावल्याक्षणी चामडं काळंभोर, मऊ, तुकतुकीत दिसतं. मोह कळण्यासारखा आहे. पण खोबरेल चामड्यात खोल उतरतं आणि परत काढता येत नाही. तपकिरी बूट कायमचा डागाळतो, चामडं लिबलिबीत होऊन आकार सोडतं आणि वर मेणाचं पॉलिश धरत नाही. शिवाय हे तेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, म्हणजे पौषातल्या एखाद्या गार पहाटे तेच पांढरं होऊन वर येतं आणि माणूस बुरशी आली म्हणून व्हिनेगर शोधायला धावतो. तेलाने माखलेल्या चामड्यावर धूळ चिकटते आणि दमट हवेत बुरशीचं फावतं ते वेगळंच. एरंडेल, राईचं तेल, स्वयंपाकाचं कुठलंही तेल, सगळ्यांची तऱ्हा थोड्याफार फरकाने हीच.

लेदर कंडिशनर किंवा न्यूट्रल, म्हणजे बिनरंगी, क्रीम घ्या, हरभऱ्याच्या दाण्याएवढं एका बुटाला पुरतं. बोटाने चोळा, रात्रभर राहू द्या, सकाळी ब्रश करा. चामडं वाकवल्यावर कोरडं, फिकट वाटलं तरच दुसरा हात. पावसाळ्यात तर मी म्हणेन, कंडिशनरला हातच लावू नका. दिवाळीनंतर वारा कोरडा होतो, तेव्हा करा.

चुलीशेजारी किंवा उन्हात वाळवणं

ओल्या चामड्याला उष्णता कोरड्यापेक्षा फार लवकर बाधते. हिरडा, बाभळीची साल अशा वनस्पतींनी कमावलेलं चामडं ओलं असताना साधारण ७० ते ८५ अंशांना आकसू लागतं आणि आकसलेलं पुन्हा पसरत नाही. चुलीच्या बाजूला एवढं तापमान सहज असतं. ऊन तेवढं तापत नाही, पण वरचा पदर भराभर सुकतो, आतला ओला राहतो आणि बूट वाकडा होतो.

रद्दी भरा, गच्च नको. आतलं अस्तर फिकट असेल तर आधी कोरा कागद, नाहीतर छपाईची शाई अस्तराला लागते. पहिल्या दिवशी तीन-चार तासांनी कागद बदला. बूट आडवा, कुशीवर ठेवा, म्हणजे चामडी सोललाही खालून हवा लागेल. पंखा चालेल. पावसाळ्यात याला आठवडा लागतो, घाई करून काही मिळत नाही.

पुराच्या पाण्यातून निघालेल्या बुटाची गोष्ट निराळी. २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूणच्या घराघरांत जो गाळ शिरला, तसा गाळ लागला असेल तर तो ओला असतानाच साध्या पाण्याने धुऊन काढा. वाळल्यावर खरवडला तर त्यातली वाळू चामडं ओरखडत जाते.

तारेची घासणी

सोलवर किंवा आतल्या तळव्यावर काळे-निळसर डाग दिसले की काही जण भांड्यांची तारेची घासणी घेऊन बसतात. डाग वाढतात. कारण असं की वनस्पतींनी कमावलेल्या चामड्यात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं, आणि लोखंड व ओल यांच्या संगतीत टॅनिन काळं पडतं. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) मिसळून पूर्वी शाई करत, ती याच क्रियेवर. टाचेतला खिळा गंजला की त्याच्याभोवती अशीच शाई तयार होते, आणि घासणीचे सुटलेले कण त्यात नव्या शाईची भर घालतात. गंजका खिळा दुरुस्तीवाल्याकडून बदलून घ्या, त्या जागी पितळी चुका, म्हणजे बारीक खिळे, मारायला सांगा. उरलेला डाग आतल्या बाजूला असेल तर राहू द्या, कोण बघायला येतंय.

नेलपॉलिश रिमूव्हर आणि सँडपेपर

जुनं पॉलिश उतरवायला नेलपॉलिश रिमूव्हरमधलं ॲसिटोन चालतं, पण ते शेवटचं हत्यार आहे. आधी ओलसर फडकं, मग टर्पेंटाइनवर आधारलेलं क्लीनर. एवढ्याने मेणाचे बहुतेक थर निघतात. ॲसिटोन लागलंच तर कापसाच्या बोळ्याने, हलक्या हाताने, खिडकी उघडी ठेवून आणि देवापुढचा दिवा विझल्यावर. बोळ्यावर मेणाच्या काळसर रंगाऐवजी चामड्याचा मूळ रंग येऊ लागला की थांबा. त्यापुढे गेलात की उघडं पडलेलं चामडं नवा रंग धब्ब्याधब्ब्यांनी पितं.

सँडपेपरबद्दल एवढंच, की सुरकुतीवर तो चालवायचा नाही. सुरकुती आणि फट यांतला फरक बूट वाकवून बघितला की कळतो: आत तंतू दिसले तर फट. सुरकुत्या क्रीम लावून चमच्याच्या पाठीने घोटल्या की बऱ्याच बसतात. फट मात्र सांधत नाही. लेदर फिलर भरून वर रंग देता येतो, फोटोत सुंदर दिसतं, पण पाऊल जिथे मुडपतं तिथलं फिलर महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा उघडतं. फट दिसते तशी राहू द्यावी, असं माझं मत. चाळीस वर्षांचा बूट आहे, दिसू दे चाळीस वर्षांचा.

पावसात सोल चिकटवणं

फेविक्विकने सोल चिकटवू नका. तो थर काचेसारखा कडक होतो आणि चालताना सोल वाकला की तडकतो. रबरी सोल्युशन दोन्ही बाजूंना पातळ लावून, दहा-पंधरा मिनिटं बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबून, मग दाबून ठोकायचं असतं. हे बहुतेकांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते हे, की सोल्युशनमधला द्रव उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि भर पावसात त्यावर हवेतली वाफ धरते. पकड तिथेच कच्ची राहते. आमच्या बाजारपेठेतले दुरुस्तीवाले काका जुलैत असा बूट हातातही घेत नाहीत. “ह्या पावसात सोल्युशन धरूचा नाय. गणपती झाले की घेवन ये,” म्हणून परत पाठवतात. गिऱ्हाईक दुसरीकडे जातं आणि गणपतीनंतर त्यांच्याकडेच येतं.

सगळीकडे आरसा चमकवणं

मेणाचे थरावर थर देऊन केलेली आरशासारखी चमक फक्त पुढच्या टोकाला आणि टाचेच्या पाठीला. तिथे आत कडक पॅडिंग असतं, चामडं वाकत नाही. मधल्या भागावर दिलीत तर पहिल्या पायरीलाच मेण तडकून पांढऱ्या भेगा दिसतात. मधल्या भागाला क्रीम आणि ब्रश पुरे.

प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवणं

केलेल्या कामावर पाणी पडतं ते इथे. पिशवीत ओल कोंडते. डांबरगोळ्या किडे पळवतात, बुरशीला त्यांचं काही वाटत नाही, आणि तो वास चामड्यातून वर्षभर जात नाही. बूट सुती पिशवीत, भिंतीला न टेकवता, कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवा. कॅमेऱ्याच्या लेन्ससाठी पूर्वी करत तसं, कपाटात पंधरा वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब लावला तर उत्तम, कापडाला किंवा कागदाला टेकणार नाही अशा बेताने. एलईडी लावून उपयोग नाही, तो पुरेसा तापत नाही. आकार टिकवायला बुटात लाकडी साचे, म्हणजे शू-ट्री, घालायचे तर तेही वाळलेले आहेत ना बघा, पावसाळ्यात लाकूडही पाणी पितं.

नीट झालेला जोड थेट लग्नाला नेणं

जुना सुती दोरा वरून धडधाकट दिसतो आणि आतून कुजलेला असतो. आधी घरात फरशीवर अर्धा तास चाला, दोन-चार जिने चढा-उतरा. कुठे उसवलं तर लोंबणारा दोरा ओढून काढू नका, चिमटीएवढा सोडून कापा आणि बूट तसाच दुरुस्तीवाल्याकडे न्या. जुन्याच भोकांतून नवी शिवण घालायला सांगा. शेजारी आरीने नवी भोकं पाडली की वेल्टची पट्टी पोस्टाच्या तिकिटासारखी त्या ओळीवर फाटते.