पिल्लू परत घ्या म्हणाले तर
इंदुरात कुत्र्याची पिल्लं विकणाऱ्यांना हा फोन येतोच, "भिया, रात्रभर रडतो, परत घेता का?" लगेच पैशांवर येऊ नका, आधी विचारा झोपवता कुठे, खायला काय देता, नवीन घरात पिल्लू रडणारच, टोपली पलंगाजवळ ठेवली की बऱ्याचदा प्रकरण मिटतं. तरी नकोच म्हणाले तर वाद न घालता घ्या परत, नाहीतर कुणाच्याही गळ्यात मारतील ते. पण आल्याआल्या बाकीच्यांत सोडायचं नाही हं! पार्व्होची, म्हणजे कुत्र्यांच्या एका संसर्गजन्य आजाराची, लक्षणं दिसायला कधीकधी 14 दिवस जातात, तेवढे दिवस खोली वेगळी, भांडी वेगळी, आणि लसीचं कार्ड मागून घ्या. रिफंड किती, कधीपर्यंत, हे मात्र विकतानाच कागदावर लिहून सही घेतलेली बरी, तोंडी बोलणं कुणालाच आठवत नाही.