अमेरिकन रिअॅलिस्ट आणि नॅचरलिस्ट लेखक वाचायला सुरुवात कशी करायची

व्याख्या पाठ करून सुरुवात करू नका, हे पहिलं. आधी जॅक लंडनची १९०८ मधली 'टू बिल्ड अ फायर' ही कथा घ्या, एका बैठकीत होते. कॅनडातल्या युकॉनमध्ये उणे ७५ डिग्री फॅरनहाइट थंडीत एक माणूस कुत्रा घेऊन निघालाय, पाय भिजतात, आणि आता शेकोटी पेटवायची, बस एवढीच गोष्ट. वाचताना त्याच्या बोटांकडे लक्ष ठेवा. बोटं चालत नाहीत म्हणून तो तळहातांत धरून ७० काड्या एकदम पेटवतो. थंडीचं त्याच्याशी काही वैर नाहीये, तिला तो आहे हेसुद्धा माहीत नाही. हे अंगावर आलं की नॅचरलिझम, म्हणजे निसर्गवाद, निम्मा समजला. (मराठी शब्दामुळे झाडं-डोंगर डोळ्यासमोर येतात पण तसं नाहीये, माणूसही भूक, रक्त आणि परिस्थिती यांच्या नियमांनीच चालतो असं डार्विननंतरचं, एमिल झोला या फ्रेंच कादंबरीकाराकडून आलेलं ते म्हणणं आहे.)

मग पेन्सिल घेऊन बसा आणि जिथे जिथे पैशाचा आकडा येतो तिथे खूण करा. हे खरंच करा. १८६५ ला यादवी युद्ध संपलं, १८६९ ला रेल्वे देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, कारखाने वाढले, खेड्यातून आणि युरोपातून माणसं शहरात लोटली, हा सगळा बदल या पुस्तकांत पगार आणि भाड्याच्या रूपात दिसतो. ड्रायझरची 'सिस्टर कॅरी' (१९००) बघा. १८ वर्षांची कॅरी १८८९ मध्ये शिकागोला निघते तेव्हा पर्समध्ये ४ डॉलर. बुटांच्या कारखान्यात आठवड्याला साडेचार डॉलर मिळतात, त्यातले ४ बहिणीच्या घरी राहण्या-जेवण्याचे. उरले ५० सेंट, आणि थंडी तोंडावर आलीय. अशात एक ओळखीचा माणूस दहा-दहाच्या दोन नोटा तिच्या हातात ठेवतो. आकड्यांना खुणा केल्या असतील तर तिला नावं ठेवायला तुमची जीभ रेटणार नाही.

आता रिअॅलिझम (वास्तववाद) आणि नॅचरलिझम वेगळे कसे ओळखायचे, तर निर्णयाचा क्षण शोधा. हॉवेल्सच्या 'द राइज ऑफ सायलस लॅपहॅम' (१८८५) मध्ये बॉस्टनचा रंगाचा कारखानदार बुडायला आलाय, त्यातून सुटायची वाट समोर आहे पण त्यात दुसऱ्याची फसवणूक होणार, तो रात्रभर येरझाऱ्या घालतो आणि बुडणं पत्करतो. निर्णय त्याचा, हा रिअॅलिझम. उलट 'सिस्टर कॅरी'त हर्स्टवुड हा बारचा मॅनेजर मालकाच्या तिजोरीतून दहा हजारांच्या वर डॉलर काढतो, परत ठेवतो, पुन्हा काढतो, आणि पैसे हातात असतानाच तिजोरीचं कुलूप खट्कन लागतं. चोरी त्याने केली की झाली? हा नॅचरलिझम. हा प्रसंग दोनदा वाचा, अख्खा फरक तिथे आहे.

पुढे स्टीफन क्रेनची 'द ओपन बोट' (१८९७), फ्लोरिडाजवळ जहाज बुडाल्यावर तो स्वतः त्या होडीत होता. केट शोपँची 'द स्टोरी ऑफ अॅन अवर' (१८९४) जेमतेम तीन पानांची आहे, लगेच वाचून टाका. अप्टन सिंक्लेरची 'द जंगल' (१९०६) मात्र सावकाश वाचा. त्याला शिकागोच्या कत्तलखान्यातल्या मजुरांचे हाल दाखवायचे होते, लोक हादरले ते आपल्या ताटातल्या मांसामुळे, आणि त्याच वर्षी मांस तपासणीचा कायदा झाला, मजुरांचं राहूनच गेलं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवायला हवी. फ्रँक नॉरिसच्या 'मॅकटीग' (१८९९) मध्ये 'रक्तातच आहे' हे शास्त्र म्हणून येतं आणि त्याच रांगेत ज्यू माणसाचं अत्यंत घाणेरडं चित्रण येतं. पुस्तक सोडू नका, पण तिथे लेखकावर विश्वास ठेवू नका, आणि त्याला लागून चार्ल्स चेस्नटची 'द मॅरो ऑफ ट्रॅडिशन' (१९०१) घ्या, नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टन शहरात १८९८ मध्ये गोऱ्यांनी कृष्णवर्णीयांवर केलेल्या हिंसाचारावर एका कृष्णवर्णीय लेखकाने लिहिलेली. यातली बहुतेक पुस्तकं प्रोजेक्ट गुटेनबर्ग या वेबसाइटवर फुकट मिळतात.