लेकराच्या ऑपरेशनासाठी उचल घेण्याआधी काय करावं

लेकराच्या हृदयाला छिद्र आहे म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, खर्चाचा आकडा ऐकवला, की बीडकडचा ऊसतोड बाप मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाकडे उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, मागायला निघतो. कोरडवाहूवाला सावकाराकडे. मदत करायची असेल तर त्याला त्या वाटेवरच गाठा. एकदा भरलेलं बिल योजनेतून सहसा परत मिळत नाही, म्हणून आधी कागद, मग ऑपरेशन.

सुरुवात अंगणवाडीपासून करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलं तपासतं. हृदयाचं छिद्र, फाटलेला ओठ, वाकडे पाय अशा जन्मजात दोषांवर 18 वर्षांपर्यंत मोफत उपचार होतात, शस्त्रक्रियेसह. पथक नुकतंच येऊन गेलं असेल तर पुढच्या फेरीची वाट पाहू नका, जिल्हा रुग्णालय गाठा.

मग रेशनकार्ड. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. आता पांढरं कार्डही चालतं. कोणत्या दवाखान्यात कोणता उपचार योजनेत आहे, ते 155388 वर विचारून घ्या. अ‍ॅडमिट होतानाच तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यातल्या योजनेच्या माणसाला, भेटा. डिस्चार्जच्या दिवशी भेटून काही होत नाही.

खरी अडचण पुढंच येते: कार्डावर लेकराचं नावच नसतं. आईबाप सहा-सहा महिने कारखान्यावर, नाव चढवणार कोण? अशा वेळी जन्मदाखला, आई किंवा बापासोबतचा लेकराचा फोटो, कार्ड आणि आईबापाचं ओळखपत्र लागतं. जन्म ऊसतोडीच्या फडावर झाला असेल तर दाखला आपल्या गावात मिळत नाही, जिथं जन्म झाला तिथल्या ग्रामपंचायतीतून आणावा लागतो. या एका कागदासाठी कुणीतरी एस.टी.नं सांगली-कोल्हापूरकडं जाऊन येणं, हीच कधीकधी सगळ्यात मोठी मदत ठरते.

आजार योजनेत बसलाच नाही तर मुख्यमंत्री सहाय्यता निधी आहे. तहसीलदाराचा 1.60 लाखांच्या आतला उत्पन्न दाखला, डॉक्टरांचं खर्चाचं अंदाजपत्रक आणि लहान लेकरासाठी आईचं आधार लागतं. पैसा दवाखान्याच्या खात्यात जातो, हातात येत नाही. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात असतात; तिथं बिलिंगच्या खिडकीऐवजी समाजसेवकाला शोधा.

गावची वर्गणी ऑपरेशनासाठी खर्चू नका. ती लागते घाटीत, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात, आईसोबत थांबणाऱ्याच्या जेवणाला, बाहेरून आणायच्या औषधाला, बुडालेल्या हजेरीला. गोळा झालेले पैसे आईच्या हातात द्या, आणि कुणी किती दिले ते पारावर वाचू नका.

दिवाळीनंतर टोळी निघते, फेरतपासणीची तारीख मात्र पुढची असते. दवाखान्याची फाइल घरातल्या पेटीत कुलूप लावून ठेवली जाते, म्हणून झेरॉक्सचा एक संच आईच्या पिशवीत स्वतः ठेवून या.