जेवणानंतरचा एक डाव: ब्राउझरमधले फुकट खेळ कसे खेळावेत

माझे अप्पा सांगलीत, मी पुण्यात. रात्री जेवणं उरकली की आमचा बुद्धिबळाचा डाव बसतो. माझा चार जीबीचा जुना लॅपटॉप आणि त्यांचा मोबाइल, एवढ्यावर भागतं. ॲप टाकायला नको, पैसे भरायला नकोत.

ब्राउझरमधल्या खेळाचं सुख हेच, उघडला की सुरू. म्हणून खेळ दिसायच्या आधीच जी साइट काहीतरी मागते, तिथे मी थांबत नाही. नोटिफिकेशनची परवानगी मागितली तर 'ब्लॉक'. 'फ्लॅश प्लेयर टाका' म्हणाली तर सरळ टॅब बंद, कारण ॲडोबी कंपनीनं ब्राउझरमधले खेळ चालवणाऱ्या या जुन्या सॉफ्टवेअरचा कारभार 31 डिसेंबर 2020 रोजीच गुंडाळला. जुने फ्लॅशचे खेळ हवेच असतील तर 'रफल' या मोफत इम्युलेटरवर (फ्लॅशची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) ते चालवणाऱ्या साइट आहेत. आणि 'पैसे लावा, पैसे जिंका' असं दिसलं तर तिथे पाऊलही टाकू नका. असल्या खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेनं 2025 मध्ये केला, तो उगाच नाही.

आमचा डाव असतो लिचेसवर. थिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरनं 2010 मध्ये सुरू केलेली ही साइट देणग्यांवर चालते. जाहिरात एकही नाही. आपल्या माणसाशी खेळायला खातंसुद्धा लागत नाही. मित्राला आव्हान द्यायचं बटण दाबा, वेळ ठरवा, लिंक तयार होते, ती व्हॉट्सॲपवर पाठवा. फक्त घरच्या ग्रुपवर टाकू नका! लिंक जो आधी उघडेल तोच समोर बसतो, आणि आमच्याकडे तो मान नेहमी धाकट्या भाच्याला मिळतो.

वेळ 15+10 ठेवा. प्रत्येकाला 15 मिनिटं, शिवाय दर चालीला 10 सेकंदांची भर. मोबाइलवर नेमक्या घरावर बोट ठेवायला वयस्कर माणसाला वेळ लागतो, ही भर त्यासाठी फार मोलाची. तीन मिनिटांच्या डावात अप्पांचा अर्धा वेळ चष्मा सावरण्यातच जाईल.

खरी गोडी मात्र डाव संपल्यावर. विश्लेषणाचा पट उघडा, पण स्टॉकफिश, म्हणजे चाली तपासणारं संगणकी इंजिन, लगेच चालू करू नका. डाव कुठे फिरला ते आधी दोघांनी बोलून ठरवा. परवा माझा उंट जी5 या घरावर होता, अप्पांचा घोडा एफ6 वर आणि त्यामागे डी8 वर वजीर. घोडा हलला की वजीर गेला. मी फोनवर म्हटलं, "अप्पा, प्यादी ढकलून उंटाला हुसकवायचा की!" ते म्हणाले, "थांब गं, राजासमोरची भिंत आपणच कशाला पाडायची?" त्यांनी शांतपणे आपला उंट ई7 वर आणून मध्ये घातला होता. मग इंजिन लावलं, तर त्यानंही तीच चाल वर दाखवली. अप्पांचा आवाज एकदम खुलला.

मुलांना खातं काढून देणार असाल तर सेटिंगमध्ये 'किड मोड' चालू करा, म्हणजे अनोळखी माणसांशी गप्पा बंद.

बुद्धिबळाचा कंटाळा आला तर 2048 आहे. गॅब्रिएल चिरुलीनं 2014 मध्ये केलेला हा आकड्यांचा खेळ, चौकोन सरकवून सारखे आकडे एकमेकांत मिसळायचे. सगळ्यात मोठा आकडा एका कोपऱ्यात धरून ठेवा आणि शक्यतो तीनच दिशांना सरकवा, खूप पुढे जाल. एसटीत रेंज गेली तर क्रोममधला डायनासोर असतोच. त्याच्यावर बोट टेकवलं की तो पळायला लागतो.

2048 मधला तुमचा सर्वोच्च स्कोअर ब्राउझरमध्येच साठतो. त्यामुळे हिस्टरी साफ करताना 'कुकीज आणि साइट डेटा' समोरची खूण काढून टाका, नाहीतर तोही पुसला जाईल. इनकॉग्निटोमध्ये तर खिडकी मिटली की काहीच उरत नाही, तेव्हा असे खेळ साध्या टॅबमध्येच उघडा.