दिवाळीला मोजलेल्या ओढ्यावर माघाचं पीक लावू नका

परतीचा पाऊस सरला की नाशिक जिल्ह्यात पेठ, सुरगाणा, हरसूल, त्र्यंबक आणि इगतपुरीच्या वरच्या अंगाला प्रत्येक ओढा खळाळत असतो. यातलं बरंचसं पाणी नार, पार, दमणगंगा या नद्यांना मिळून डोळ्यांदेखत गुजरातेत उतरतं आणि वरच्या माळावर नागली काढलेली रानं पौषातच भेगाळतात. त्यातलं थोडं पाणी माळावर चढवायला रॅम पंपाइतकं स्वस्त साधन मी पाहिलेलं नाही. वीज नको, डिझेल नको. ओढ्याच्या पडत्या पाण्याच्या धक्क्यानेच त्यातलं थोडं पाणी वर ढकललं जातं. फ्रान्समधल्या जोसेफ-मिशेल माँगोल्फियरने १७९६ साली असा आपोआप चालणारा पंप केला आणि त्याची रचना आजही जवळपास तशीच आहे.

दिवाळीच्या आगेमागे रॅम बसवायची लगबग सुरू होते आणि पुढच्या नुकसानीचं बी तिथेच पडतं. ओढा दिवाळीला एकदा मोजतात, काही जण तर नुसता बघतात, आणि त्या पाण्याच्या भरवशावर फाल्गुनापर्यंत चालणारं पीक लावतात. नंतर कुणी डबा घेऊन ओढ्यावर जात नाही.

सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर मी हे जवळून पाहिलं. २० गुंठे टोमॅटो, बांबू-तार झालेली, झाड कमरेला लागलेलं, पहिला तोडा आठवड्यावर. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात शेंडे माना टाकायला लागले, फुलं गळाली. दुकानदाराने आधी मर रोगाचं औषध दिलं, मग मुळी वाढवणारं, मग फूल टिकवायचं टॉनिक. मी गेलो तेव्हा आधी टाकीत डोकावलो. तळाला वीतभर गाळ होता. खाली ओढ्यावर उतरलो तर रॅमचा व्हॉल्व उघडाच पडलेला, पाणी सरळ वाहून जातंय, ठोका बंद. "दादा, पाणी तर वाहतंय की," असं तो भाऊ मला म्हणाला. वाहत होतं, पण रॅमला पुरेल एवढं नव्हतं. किती दिवस बंद होता, ते घरात कुणालाच सांगता आलं नाही. औषधांची बिलं भरून झाली आणि फड गेला.

ओढ्याचं पाणी निम्मं झालं म्हणजे वर निम्मं चढेल, असा हिशेब इथे चालत नाही. रॅमचा वेस्ट व्हॉल्व, म्हणजे पाणी बाहेर सोडणारी झडप, बंद व्हायला वरून येणाऱ्या पाण्याला ठरावीक वेग लागतो; ती आपटून बंद होते तोच ठोका. पाणी घटलं की आधी वरच्या पिंपातली, म्हणजे जिथून पाइप रॅमकडे उतरतो तिथली पातळी उतरते, मग पाइपाचं तोंड उघडं पडून हवा ओढतं, वेग मिळत नाही आणि व्हॉल्व उघडाच राहतो. मग वर एक थेंबही चढत नाही. आदल्या रात्री टाकीत धार पडत होती आणि सकाळी काहीच नाही, असंही होतं.

ओढा मोजायची रीत

ओढ्याला दगड-मातीचा किंवा वाळूच्या गोण्यांचा आडवा बांध घाला. सगळं पाणी एका पाइपातून जाईल असं करा, बाजूच्या फटी चिखलाने लिंपा. पाइपाखाली रंगाचा २० लिटरचा डबा धरा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. तीनदा मोजून सरासरी घ्या. २० सेकंदांत भरला तर मिनिटाला ६० लिटर. ४८ सेकंद लागले तर २५ लिटर. दर पंधरवड्याला, जमल्यास अमावास्या-पौर्णिमेला, म्हणजे विसर पडत नाही. आकडा तारखेसह भिंतीवर कोळशाने लिहिला तरी चालेल, पण लिहा.

आता हिशेब बघा. पाण्याचा पडाव (पिंपापासून रॅमपर्यंत पाणी किती खाली उतरतं ते) ३ मीटर, माळ ३० मीटर उंच, रॅमची कार्यक्षमता ६० टक्के धरली. मिनिटाला ६० लिटर पाणी असेल तर ६० गुणिले ३ गुणिले ०.६, भागिले ३०, म्हणजे मिनिटाला ३.६ लिटर वर चढतं. २४ तासांत ५,१८४ लिटर. टोमॅटोला झाडामागे रोज दीड लिटर धरलं तर साधारण ३,४५० झाडं झाली, आणि १० गुंठ्याला १,५०० झाडं धरली तर २३ गुंठे. याच हिशेबावर लोक २० गुंठे लावतात आणि थोडं पाणी शिल्लक राहील म्हणून निर्धास्त होतात.

माघात तोच ओढा मिनिटाला २५ लिटरवर आला, तर रॅम नीट जुळवून घेतला तरी वर चढेल १.५ लिटर, दिवसाला २,१६० लिटर. तोपर्यंत ऊन तापलेलं असतं, झाड फळांनी लदलेलं असतं आणि दोन लिटर मागतं. म्हणजे पाणी १,०८० झाडांचं, सात गुंठ्यांचं. उरलेले तेरा गुंठे करपणार, हे डबा आणि घड्याळ घेऊन बसलात तर आधी कळतं. नाहीतर ते झाडं सांगतात, आणि तेव्हा हातात काही उरलेलं नसतं.

मागच्या वर्षांची नोंद नसेल तर माझा अंदाज असा: दिवाळीच्या आकड्याच्या एक तृतीयांश पाणी माघात धरा आणि तेवढ्यावरच क्षेत्र ठरवा. हे कुठल्या शिफारशीत लिहिलेलं नाही, ओढे बघून बसलेलं गणित आहे. काही ओढे त्याहून खाली जातात, काही पार आटतात. जुन्या माणसांना विचारा, काटेसावर फुलते तेव्हा या जागी बायका पाणी भरायच्या का? खेकड्यांची बिळं काठावरून पात्राच्या मध्याकडे सरकायला लागली की पाणी झपाट्याने उतरतंय असं मी समजतो आणि त्याच दिवशी मोजतो. आजवर फसलो नाही.

पाणी घटल्यावर रॅमचं काय करायचं

वेस्ट व्हॉल्ववरचं वजन कमी करा किंवा त्याची उघडझाप आखूड करा. ठोका जलद होतो, एका ठोक्याला पाणी कमी लागतं, वर चढणारं पाणीही कमी होतं, पण रॅम चालू राहतो. दिवाळीला मिनिटाला ४० ते ६० ठोक्यांवर लावलेला रॅम तसाच माघापर्यंत ठेवला तर तो बंद पडणारच. वजन फार हलकं केलं तर ३० मीटरचा चढ झेपत नाही, तेव्हा वजनाचा एकेक वॉशर काढत जा आणि टाकीच्या तोंडाशी एक माणूस उभा करा.

आणि खरेदी करण्याआधी हे वाचा. एक मोठा रॅम घेऊ नका, दोन लहान घ्या. दिवाळीला दोन्ही चालवा, पौषात एक बंद करा. दुकानात मोठाच दाखवतात, कारण ओढा तेव्हा भरलेला असतो आणि गिऱ्हाईकाला पटतं. चार इंची रॅमला ओढा दोन महिने पुरतो आणि मग ते धूड पात्रात गंजत पडतं. तालुक्याच्या गावातला चांगला प्लंबर पितळी व्हॉल्व, नॉन-रिटर्न व्हॉल्व आणि जीआय (गॅल्व्हनाइज्ड लोखंडी) फिटिंगमधून लहान रॅम जोडून देतो. वॉशरही तिथल्या तिथे जुन्या टायरच्या रबराचा कापून मिळतो.

पैसे वाचवायचे तर वर जाणाऱ्या नळीत वाचवा, ती एचडीपीई प्लास्टिकची चालते. खाली उतरणारा पाइप मात्र जीआयचाच हवा. प्लास्टिकचा पाइप प्रत्येक ठोक्याला किंचित फुगतो आणि पाणी वर ढकलणारा धक्काच गिळून टाकतो. "प्लास्टिकवरही चालतो" असं सांगून गुंडाळी गळ्यात मारतात. चालतो, पण तुमचं आधीच कमी पडणारं पाणी आणखी कमी चढवतो. ३ मीटर पडावाला १५ मीटरच्या आसपास लांबी, सरळ, शक्यतो एकही बेंड नाही. तोंड पाण्याखाली फूटभर बुडालेलं असावं.

खालच्या पाड्यांवरून तक्रार येते, "तुम्ही ओढा पळवला." त्यांनाही डबा दाखवा. मिनिटाच्या ६० लिटरपैकी वर जातात साडेतीन, बाकीचे साडेछप्पन रॅमखाली ओढ्यातच परत पडतात. कोरडा पडतो तो बांध आणि रॅममधला पंधरा-वीस मीटरचा तुकडा. तिथे गुरांचं पाणवठ्याचं ठिकाण असेल तर जागा बदला.

कोणतं पीक

पाणी उतरायच्या आत आटोपेल ते. हरभरा, वाटाणा, मेथी, कोथिंबीर. स्ट्रॉबेरी लावणाऱ्यांनी क्षेत्र माघाच्या आकड्यावरच ठरवावं, कारण तिचा भर नेमका तेव्हा असतो. टोमॅटो लावायचाच तर सात-आठ गुंठे लावा आणि शेवटपर्यंत न्या.

हरभऱ्यालाही हिशेब आहे. १० गुंठ्यांवर ३ सेंटिमीटर पाणी द्यायचं म्हणजे ३० हजार लिटर. दिवसाला ५ हजार लिटर चढत असतील तर सहा दिवस लागतात, २ हजारांवर आल्यावर पंधरा. फुलोऱ्याचं पाणी फुलं दिसल्यावर द्यायला निघालात तर शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचेतो घाटे भरायला लागलेले असतात. म्हणून फांद्या फुटताना, साधारण तिसाव्या दिवशी पहिल्या वाफ्यापासून सुरुवात करा.

हरभऱ्याची नेहमीची कामं:

- पेरणी २० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर, ३० बाय १० सेंटिमीटर.
- विजय, दिग्विजयसारखे वाण; विजयला हेक्टरी ६५ ते ७० किलो बियाणं, टपोऱ्या दाण्याच्या दिग्विजयला १०० किलो.
- बीजप्रक्रिया: किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा, नंतर २५ ग्रॅम रायझोबियम.
- खत हेक्टरी २५ किलो नत्र, ५० किलो स्फुरद, ३० किलो पालाश.
- हेक्टरी ५ कामगंध सापळे, पक्ष्यांसाठी टी आकाराच्या काठ्या.
- फुलोऱ्यात ५ टक्के निंबोळी अर्क.
- घाटेअळी ओळीच्या मीटरला एक-दोन दिसल्यास एचएएनपीव्ही (घाटेअळीला मारणारं विषाणूजन्य औषध) हेक्टरी ५०० एलई (त्याचं माप), संध्याकाळी.

निंबोळी घरची वापरा. जूनमध्ये वेचून सुकवलेली पाच किलो निंबोळी कुटून शंभर लिटर अर्क होतो. तेच बाटलीत भरून विकतात.

आभाळ भरलं तर

२०२३ च्या नोव्हेंबरअखेर जिल्ह्यात अवकाळी आणि गारा झाल्या. निफाडच्या द्राक्षांची बातमी सगळीकडे गेली. डोंगराकडच्या ओढ्यांना अशा पावसात तासाभरात लोंढा येतो, आणि रॅम पात्रातच असतो. कार्तिक-मार्गशीर्षात दुपारी पश्चिमेकडून ढग चढायला लागले आणि हवा कोंदली, तर फवारणीचा पंप खाली ठेवा आणि ओढ्यावर जा. रॅम साखळीने काठच्या झाडाला बांधलेला आहे का बघा, नसेल तर आत्ताच बांधा. युनियन (पाइपाचा खोलता येणारा सांधा) खोलून उचलता आला तर वर आणून ठेवा. बांध फुटला तर दोन तासांत पुन्हा घालता येतो, रॅम वाहून गेला तर हंगाम गेला. लोंढा ओसरला की जाळी धुवा, पिंपातला गाळ काढा आणि ओढा पुन्हा मोजा. त्या दिवशी फुगलेला आकडा दिसेल, त्यावर क्षेत्र वाढवू नका. आठ-दहा दिवसांनी तो खाली बसतो.

ढगाळ हवा दोन दिवस टिकली की हरभऱ्यात घाटेअळी आणि टोमॅटोत करपा येतोच असं धरून चला. करप्याला मँकोझेब १० लिटरला २५ ग्रॅम. महागड्या मिश्र औषधांकडे आधीच धावू नका.

रॅमजवळची कामं

- जाळी रोज साफ. सागाची पानं गळायला लागली की दिवसातून दोनदा.
- हवेच्या नळकांड्यातलं पाणी महिन्याला काढणे.
- नट-बोल्ट आवळणे, वॉशर बघणे.
- टाकीत पडणारी धार बघणे.

यातलं दुसरं काम समजून घ्या. रॅमवरच्या नळकांड्यातली हवा पाण्यात हळूहळू विरघळते आणि नळकांडं पाण्याने भरतं. मग ठोका टणटण, लोखंडावर हातोडा मारल्यासारखा येतो आणि सांधे फुटतात. नॉन-रिटर्न व्हॉल्वच्या खाली बारीक छिद्र ठेवलं असेल तर प्रत्येक ठोक्याला थोडी हवा आत जाते. नसेल तर हवा भरलेली सायकलची जुनी ट्यूब नळकांड्यात कोंबतात, तीही काम करते.

टाकी शेताच्या डोक्याच्या दहा मीटर वर बसली तर ठिबकला एक किलो दाब मिळतो. एवढी उंची नसेल तर नळ्या आखूड ठेवा. रॅम बंद असताना पुन्हा चालू करायला व्हॉल्व हाताने पंधरा-वीस वेळा दाबावा लागतो, वरची नळी भरेपर्यंत. घरातल्या बायकांना आणि मोठ्या मुलांनाही ते शिकवून ठेवा, कारण दिवसा पुरुषमाणूस मजुरीला नाशिकला गेलेला असतो आणि रॅम तेव्हाच थांबतो.

आज ओढा मोजलेला नसेल तर उद्या सकाळी, गुरं पाण्यावर यायच्या आधी मोजा. बी अजून पिशवीत असेल तर पिशवी बंदच राहू द्या. रोपं आणून ठेवली असतील आणि आकडा कमी भरला, तर जास्तीची रोपं शेजाऱ्याला द्या.