केराटिनला बसण्याआधी बाटली उलटी करून बघा

तुळशीचं लग्न लागलं की माझ्या मिरजेच्या पार्लरमध्ये फोन सुरू होतात. “ताई, 12 तारखेला साखरपुडा आहे, 10ला केराटिन करून द्याल का?” केराटिन म्हणजे क्रीम आणि गरम प्रेसिंगने केस सरळ, मऊ करण्याचं काम; ते दोन दिवसांत मी करत नाही. आधी केसांची चाचणी, मग प्रत्यक्ष काम, त्यानंतर बहुतेक उत्पादनांना तीन दिवस पाणी लावायचं नसतं, आणि टाळूवर काही उठलंच तर ते बसायला वेळ हवा. कार्याच्या किमान तीन आठवडे आधी पार्लर गाठा.

सगळ्यात आधी नावं विसरा. केराटिन, स्मूदनिंग, हेअर बोटॉक्स, नॅनोप्लास्टिया अशी नवी नवी नावं येतात आणि एकाच नावाखाली दोन पार्लरमध्ये दोन वेगळ्या वस्तू लावतात. हेअर बोटॉक्समध्ये तर सुरकुत्यांच्या इंजेक्शनमधलं बोटॉक्स नसतंच. तेव्हा विचारायचं एवढंच: “बाटली दाखवाल?” आनंदाने दाखवली तर पुढे बोला. भांड्यात आधीच कालवून ठेवलंय म्हणाले, तर तिथे बसू नका.

बाटली हातात आली की ती फिरवा. पुढचा भाग जाहिरातीचा, मागचा कामाचा. घटकांची यादी, बॅच नंबर, वापरायची मुदत, आणि माल परदेशी असेल तर आयातीचा नोंदणी क्रमांक बघा. अक्षरं इतकी बारीक असतात की मी स्वतः मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचते. तुम्हीही फोटो काढा आणि जपून ठेवा.

यादीत फॉर्मल्डिहाइड, फॉर्मेलिन, मिथेनल किंवा मिथिलीन ग्लायकॉल यांपैकी काही दिसलं तर उठा. ही एकाच कुळातली नावं आहेत. मी हे काम शिकले ते पुण्यात, एसीच्या बंद खोलीत. प्रेसिंग मशीन केसांवरून फिरलं की धूर निघायचा, सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी, ओला रुमाल नाकाला. “सवय होईल,” असं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या. मला दोन दिवस खोकला होता. आपण हुंगत होतो ते काय, हे मला फार उशिरा कळलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने फॉर्मल्डिहाइड माणसात कर्करोग करणारं आहे, असं 2004 मध्येच ठरवलं होतं. ग्राहक वर्षातून दोनदा तो धूर घेते. कामावरची मुलगी रोज घेते. याचा मला आजही राग येतो.

त्यानंतर ‘फॉर्मल्डिहाइड-फ्री’ बाटल्या आल्या. त्यांतल्या बऱ्याच बाटल्यांत ग्लायऑक्सिलिक अॅसिड असतं. बाटलीत ते फॉर्मल्डिहाइड नसतं हे खरं, पण कडक तापलेल्या प्रेसिंगखाली त्यातून थोडं फॉर्मल्डिहाइड सुटू शकतं. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. ट्युनिशियातल्या एका 26 वर्षांच्या मुलीने 2020, 2021 आणि 2022 मध्ये केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडाला इजा झाली. टाळूची आग, मग उलट्या, जुलाब, ताप, पाठदुखी. त्या क्रीममध्ये ग्लायऑक्सिलिक अॅसिड होतं. डॉक्टरांनी तेच क्रीम उंदरांच्या त्वचेवर लावून पाहिलं, तर त्यांच्या मूत्रपिंडात कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक सापडले. हे 2024 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आलं. त्याआधी इस्रायलमधल्या डॉक्टरांनीही अशा 26 रुग्णांची नोंद केली होती. वाचल्यावर मी माझ्याकडची ग्लायऑक्सिलिकची बाटली कपाटातून काढून टाकली, परत मागवली नाही. लेबलवर इंग्रजी जी-एल-वाय-ओ-एक्स ही पाच अक्षरं कुठल्याही लांबलचक नावाच्या सुरुवातीला दिसली, की तेच समजा.

मग उरतं काय? केस कायमचे सरळच हवे असतील तर जुनं रिबॉन्डिंग आहे. त्यात थायोग्लायकोलेट नावाच्या रसायनाने केसांच्या आतले बंध तोडून, केस दाबून सरळ करून, पुन्हा बांधतात. फॉर्मल्डिहाइडचा धूर नाही, पण केस कमकुवत होतात आणि मुळाशी नवे केस आपल्या वळणाचेच येतात. नुसता भुरभुरीतपणा कमी करायचा असेल तर बंध दुरुस्त करणारी उपचारद्रव्यं आता चांगली मिळतात. केस त्यांनी सरळ होत नाहीत, पण मऊ राहतात. आणि कुरळे केस कुरळेच राखायला शिकवा म्हणून येणाऱ्या मुली वाढल्यात, त्यांना शिकवताना मला फार बरं वाटतं.

रिबॉन्डिंगआधी बटेची चाचणी करायलाच लावा. मेंदी लावत असाल तर पहिल्याच वाक्यात सांगा, विशेषतः काळी मेंदी. अशा काही मेंद्यांत धातूचे क्षार असतात. एका काकूंनी “नुसती घरची मेंदी” सांगितलं होतं. मी कानामागची पन्नासेक केसांची बट कापून पेरॉक्साइड-अमोनियाच्या वाटीत टाकली. मिनिटा-दोन मिनिटांत बुडबुडे उठले आणि वाटी हाताला गरम लागली. बट बाहेर काढून ओढली तर ओल्या शेवयांसारखी तुटली. तेच डोक्यावर झालं असतं. काकूंना ती बट दाखवली, त्या कितीतरी वेळ बघत बसल्या.

खुर्चीत बसल्यावर खिडकी उघडी हवी, एसी पुरत नाही. क्रीम मुळापासून बोटभर लांब हवं, टाळूला अजिबात नको. आग झाली तर “थोडं सहन करा” ऐकून घेऊ नका, लगेच धुवायला सांगा. रंगवलेल्या केसांवर प्रेसिंगचं तापमान किती ठेवलंय ते विचारा; 230 अंश त्यांना सोसत नाही. गरोदर असाल, अंगावर पाजत असाल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे काम पुढे ढकला.

आणि कुठेही केस सरळ करून आल्यावर पुढच्या एक-दोन दिवसांत मळमळ, उलट्या, पाठीत किंवा कुशीत दुखणं, लघवी कमी होणं यातलं काहीही झालं, तर पित्त म्हणून घरी थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, केस सरळ केल्याचं आपणहून सांगा आणि मोबाइलमधला तो लेबलचा फोटो दाखवा.