माँटू चाचणी लावताना आणि वाचताना या चुका टाळा

लहान मुलांच्या टीबीचे काम करताना गेली अनेक वर्षे माझ्यासमोर त्याच त्या चुका येत आहेत. लोक जिला ‘मॉन्टेक्स’ किंवा ‘एमटी’ म्हणतात ती माँटू चाचणी टीबीचा जंतू शोधत नाही, हे लक्षात न घेताच ती लावली जाते. या जंतूची प्रथिने हाताच्या त्वचेत टोचून ती शरीरातल्या टी पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींना, एवढेच विचारते की ही प्रथिने तुम्ही पूर्वी पाहिली आहेत का. पाहिली असतील तर स्मृती राखून असलेल्या टी पेशी टोचलेल्या जागी येतात, इंटरफेरॉन गॅमासारखी द्रव्ये सोडतात, त्यामुळे जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशींची गर्दी होते आणि त्वचा टणक होते. पेनिसिलीनच्या ॲलर्जीची गांध पंधरा-वीस मिनिटांत उठते, कारण ते काम आधीच तयार असलेल्या अँटिबॉडींचे असते. टी पेशींना मात्र 48 ते 72 तास लागतात.

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे टणकपणाऐवजी लाली मोजणे. सहा वर्षांच्या एका मुलीच्या वडिलांना परत यायला एसटीचा लांबचा प्रवास होता, म्हणून त्यांनी हाताचा फोटो मोबाईलवर पाठवला आणि आमच्या निवासी डॉक्टरने त्या फोटोवरून ‘18 मिमी, पॉझिटिव्ह’ असे लिहून औषधे सुरू केली. तीन आठवड्यांनी आई मुलीला घेऊन आली ती रडतच, कारण मुलीला उलट्या होत होत्या आणि लघवी नारिंगी होत होती. लघवीचा रंग रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधामुळे बदलतो, हेही त्यांना कोणी सांगितले नव्हते. मी दुसऱ्या हातावर चाचणी पुन्हा लावली आणि तिसऱ्या दिवशी डोळे मिटून बोट फिरवले: लाली सतरा मिमी, टणक भाग जेमतेम चार. एक्स-रे स्वच्छ होता, वजन वाढत होते, घरात टीबीचा रुग्ण नव्हता आणि रात्रीचा खोकला दम्याच्या पंपाने थांबला. हे सगळे एकत्र पाहूनच औषधे बंद केली. केवळ चार मिमीवर मी तसे केले नसते.

लाली म्हणजे रक्तवाहिन्या फुगणे, आणि त्या सुईच्या इजेनेही फुगतात. टणकपणा हा पेशींचा आणि त्यांच्यामध्ये साचलेल्या फायब्रिन या प्रथिनाचा असतो. तो बोटालाच कळतो. माझी पद्धत जुनी आहे: बॉलपेन बाहेरच्या बाजूने हलक्या दाबाने आत सरकवत न्यायचे, जिथे ते अडते तिथे थांबायचे, दुसऱ्या बाजूनेही तसेच करायचे आणि हाताच्या आडव्या दिशेने दोन खुणांमधले अंतर पारदर्शक पट्टीने मोजायचे. याला एक मिनिट लागतो. ज्याला हा एक मिनिट जड वाटतो त्याने चाचणी लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि फोटोवरून निकाल मी कोणालाही, कितीही ओळखीचा असला तरी, देत नाही.

दुसरी चूक याच्या उलट आहे आणि अधिक घातक आहे: निगेटिव्ह आली म्हणजे टीबी नाही, असे समजणे. अडीच वर्षांचा एक मुलगा ताप आणि घटत्या वजनासाठी दाखल झाला होता. चाचणी शून्य आली आणि टीबीचा विचार तिथेच सोडून दिला गेला. चार दिवसांनी फाइल माझ्याकडे आली तेव्हा मी आजीला विचारले. महिन्यापूर्वी त्याला गोवर येऊन गेला होता आणि आजी स्वतःच टीबीची औषधे घेत होती. एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांत बाजरीच्या दाण्यांसारखे ठिपके होते आणि जठरातून काढलेल्या पाण्याची सीबीनॅट तपासणी (टीबीच्या जंतूचा जनुकीय अंश शोधणारी) पॉझिटिव्ह आली. गोवरात ही प्रतिक्रिया नाहीशी होते, हे व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी 1908 मध्येच नोंदवले होते. गोवर, तीव्र कुपोषण, एचआयव्ही, दीर्घकाळचे स्टिरॉइड आणि खुद्द पसरलेला टीबी, या सगळ्यांत टी पेशी गप्प राहू शकतात. म्हणून शून्य लिहिण्याआधी मी हे पाचही प्रश्न विचारतेच.

सुई खोल गेली तर चाचणी वाया जाते. 0.1 मिलि द्रव त्वचेच्या थरातच जायला हवा आणि संत्र्याच्या सालीसारखा सहा ते दहा मिमीचा पांढरट उंचवटा उठायला हवा. तो उठला नाही तर थोड्या अंतरावर लगेच पुन्हा लावावी. सिरिंज सकाळीच भरून ठेवू नये, कारण प्रथिन सिरिंजच्या आतल्या बाजूला चिकटते. सेटिरिझिनसारखी ॲलर्जीची गोळी बंद करायला सांगण्याची गरज नाही, ती ज्याला अडवते त्या हिस्टामिनचा इथे मुख्य भाग नसतो. जास्त युनिटचे द्रावण वापरून ‘ठळक’ निकाल मिळवण्याचा मोह तर अजिबात नको: आपल्याकडे शिफारस आरटी 23 या चाचणीच्या द्रावणाच्या 2 युनिटची आहे आणि पॉझिटिव्ह धरण्याची 10 मिमीची मर्यादा त्यासाठीच ठरलेली आहे. एचआयव्ही असेल तर ती 5 मिमी धरतात.

पॉझिटिव्ह निकाल टीबीच्या बीसीजी लशीच्या खात्यावर टाकणे हीही घाई आहे. जन्मतः दिलेल्या बीसीजीचा परिणाम वर्षागणिक ओसरतो. शंका असेल तर इग्रा ही रक्ताची तपासणी किंवा पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची साय-टीबी ही त्वचेची चाचणी वापरता येते. त्यांतली ईसॅट-6 आणि सीएफपी-10 ही प्रथिने बीसीजीच्या जंतूत नसतात. मात्र टी पेशींची जंतूशी भेट झाली, यापलीकडे त्याही काही सांगत नाहीत. आजार आहे की नाही, हे लक्षणे, एक्स-रे आणि जंतूची तपासणी यांवरूनच ठरवावे लागते.

शेवटची चूक नोंदीची. ‘पॉझिटिव्ह’ एवढाच शेरा पुढच्या डॉक्टरच्या काहीच उपयोगाचा नसतो. आमच्या नोंदवहीत आता ओळ अशी असते: डावा हात, 2 युनिट, 66 तासांनी वाचली, टणक भाग आडवा 4 मिमी, गेल्या महिनाभरात गोवर नाही.